फाटकाजवळचा वाफा

जळते मी दीपमालावर. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की कडूबाईनं लपवलं. तिची वांगी बघितली की माझ्या पोटात नुसता जाळ उठायचा, आणि बघितल्याशिवाय चैनही पडायचं नाय.

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत, रेल्वेपटरीच्या अंगाला, एक मोकळा प्लॉट हाय. वीस वर्षं तिथं उकिरडा होता. फाटक्या गाद्या, फुटके संडास, मेलेली कुत्री, काय नव्हतं म्हणून विचारा. माणसं नाकाला पदर लावून जायची. मागच्या दसऱ्याला एसटीतून रिटायर झालेल्या आप्पासाहेबांनी मनावर घेतलं. महापालिकेत खेटे घालून परवानगी काढली, गल्लीनं चार रविवार खपून सगळा कचरा उपसला, तारेचं कुंपण घातलं आणि जागेचे अठरा वाफे पाडले. एका घराला एक वाफा, दहा फूट लांब न् सहा फूट रुंद. चिठ्ठ्या टाकल्या. मला एक नंबर लागला, अगदी फाटकाजवळचा. दीपमालाला अठरा, पार मागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला.

आता मी कोण ते ऐका. बिडकीनला आमची सहा एकर काळी जमीन होती. ती सरकारनं कारखान्यांसाठी घेतली. पोरगा आकाश शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला आणि आम्ही इथं दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सहा वर्षं हाताला माती नव्हती. गॅलरीत एक तुळस, बस. त्या वाफ्यात पहिल्या दिवशी हात घातला न् मला रडूच कोसळलं. सुनेला, रूपाला, सांगितलं डोळ्यात काय तरी गेलं. एवढीशी जागा, पण जगात माझी म्हणायला तेवढीच जमीन उरली होती.

आणि ही दीपमाला! छावणीतल्या एका दवाखान्यात नर्स, कायम रातपाळी. चाळिशीची बाई, जन्मात खुरपं धरलेलं नाय. मोबाइलमधी बघून शेती करायची. हाताला दवाखान्यातले रबरी मोजे घालून वांग्याची रोपं लावली तिनं. मी तोंडावर हसले. ती पण हसली, आणि मलाच विचारती, मावशी, दोन रोपांत अंतर किती ठेवू? सांगितलं मी. खोटं नाय सांगितलं, तेवढी वाईट नाय मी.

संक्रांतीला तिची वांगी लागली. काटेरी, जांभळी, तेलात बुडवून काढल्यासारखी चकचकीत. अख्खी गल्ली बघायला जायची. आणि माझ्या वाफ्यात काय? काय नाय. तीनदा मेथी पेरली, तीनदा बोट-बोट वर आली आणि तीनदा पटरीकडच्या शेळ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली. कोण फाटक उघडं टाकतंय म्हणून मी गल्लीत ओरडून घसा बसवून घेतला. कुणी कबूल होईना.

बागेनं गल्लीचं भलं केलं, त्यात दुमत नाय. डास कमी झाले. जिन्यात भेटले तरी तोंड फिरवणारी माणसं आता रोपं मागायला एकमेकांच्या दारात जायला लागली. आप्पासाहेबांची शुगर खुरपून खुरपून खाली आली. दर रविवारी प्रत्येक वाफ्यातून अंगणवाडीच्या खिचडीसाठी भाजी जायची. त्या टोपलीत माझं एक पान पडलं नाय आणि दीपमालाची वांगी टोपलीत मावत नव्हती. लोक मला म्हणायचे, काय मावशी, तुम्ही तर शेतकरी ना? मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिच्या वांग्यांना पहिलं फूल आलं तेव्हापासूनच मी एक काम धरलं होतं. आमच्याकडं कुणाच्या पिकाला तोंडभरून चांगलं म्हणलं की नजर लागते. म्हणून शहाणं माणूस चांगलं म्हणलं की बाजूला थुंकतं. मी थुंकत नव्हते. रोज चारला बागेत जायचं, सरळ टाकीमागं अठरा नंबरवर उभं राहायचं आणि तासभर त्या वांग्यांचं गुणगान करायचं. काय रंग हाय, काय देठ हाय, किती लागलीत गं बाई. दीपमालाच्या घरात बुद्धवंदना होते, ती असलं मानत नाय. पण नजर लागायला तिनं मानायची काय गरज? मी दोन महिने इमानानं नजर लावली. वांगी अजूनच फुगली.

ती दुपारची झोप काढून साडेचारला उठायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाग बघत चहा प्यायची. दोनदा मला म्हणली, मावशी, फाटकाची कडी जाम हाय, जरा ओढून घेत जा. मला लई राग आला. काल खुरपं धरलं आणि मला शिकवती.

फेब्रुवारीत बैठक झाली, बागेतच, रविवारी सकाळी. आप्पासाहेबांनी कागद काढला. नियम आधीच ठरला होता: तीन पेरण्या वाया गेल्या तर तो वाफा न मिळालेल्यांच्या यादीतल्या पुढच्या घराला. यादीत पहिली सरिता होती, पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणारी. दुसरा नियम असा, की फाटक उघडं टाकून कुणाचं नुकसान केलं तर त्याचा वाफा जाईल, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा राहील. आप्पासाहेब मान खाली घालून माझं नाव वाचायला लागले.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझी मेथी हिच्यामुळं गेली. दीपमाला रातपाळीवरून डोळ्यात झोप घेऊन येती, फाटक उघडं टाकती."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. दीपमालाच्या अंगावर अजून दवाखान्याचा ड्रेस होता.

"मावशी, शेळ्या कधी येतात?" तिनं विचारलं.

"चार ते पाचच्या मधी," मी ठसक्यात सांगितलं. "चारला मेथी असती, पाचला नसती."

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं. चार ते पाच बागेत कोण असतं? मी. फाटकातून आत कोण येतं? मी. टाकीमागून फाटक दिसत नाय. आणि जन्मभर मी शेतात शिरले ते बांधावरून पाय टाकून. मागं वळून कडी लावायची सवय कुठून असणार? माझ्या पायानं मी शेळ्यांना वाट करून दिली होती, आणि त्या माझं पीक खात असताना मी दुसरीच्या वांग्यांपुढं उभी होते.

दीपमाला माझ्याकडं बघत होती. तिच्या खिडकीतून तिला सगळं दिसत होतं, इतके दिवस. आता बोलेल म्हणून मी वाट बघितली.

"माझ्याकडूनच राहिलं असेल," ती आप्पासाहेबांना म्हणाली. "मावशीचा वाफा राहू द्या. माझा घ्या."

लोक हळहळले. कुणीतरी म्हणलं, केवढं मन हाय बाईचं. आणि माझ्या पोटात असा जाळ उठला की बस. वांगी तिची, कौतुक तिचं, आणि आता मोठं मनही तिचंच? मी जन्मभर हिचे उपकार घेऊन मेथी खायची? नाय. हे नाय व्हायचं.

मी उभी राहिले. "खोटं बोलती ती. फाटक मीच उघडं टाकते. आणि रोज टाकीमागं उभी राहून तिच्या वांग्यांना नजर लावते."

दोघं-तिघं हसले. दीपमाला हसली नाय.

"मला वाटलं, तुम्हाला आवडतात," ती म्हणाली.

"आवडतात," मी म्हणलं. "तेच तर दुखणं हाय."

एक नंबर सरिताला गेला. मीच तिला मेथीचं उरलेलं बी दिलं, आणि फाटकाची कडी कशी ओढायची तेही दाखवलं. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. रूपा जेवायला बोलवत राहिली, मी उठले नाय. सहा एकर गेली तेव्हा सरकारला शिव्या देता आल्या. आता कुणाला देणार?

चार दिवस बागेत पाऊल टाकलं नाय. पाचव्या दिवशी आकाश म्हणाला, आई, दीपमालाताईंनी बोलावलंय. गेले. कडी लावून आत गेले. अठरा नंबरच्या मधून सुतळी बांधलेली होती. डावीकडं तिची वांगी. उजवीकडची झाडं उपटून माती मोकळी करून ठेवली होती, भरात आलेली सहा झाडं. बाईसाहेब रातपाळी करून घरी झोपलेल्या.

मी खाली बसले आणि वितीनं मोजलं. माझी बाजू तिच्यापेक्षा दोन विती रुंद होती. म्हणजे इथंही तीच वरचढ.

मी सुतळीच्या खुंट्या उपटल्या आणि दोन विती माझ्याच बाजूला आत सरकवून पक्क्या ठोकल्या. आता तिची बाजू मोठी.