जॅममध्ये अडकलेला माणूस

मारतहळ्ळीच्या पुलाच्या बऱ्याच अलीकडे, काडुबीसनहळ्ळीला, शुभंकर ऑफिसच्या बसमधून उतरला आणि चालू लागला. गेले कित्येक महिने तो असाच उतरत होता. घरी बायकोच्या, सुचेताच्या हिशेबी मात्र तो बसमध्येच असायचा, जॅममध्ये अडकलेला. बंगळुरात या सबबीचा पुरावा कोणी मागत नाही.

इथल्या मराठी मंडळासाठी तो एकांकिका लिहीत होता, आणि खुर्चीत बसलं की डोक्याचा दगड व्हायचा. एकदा बस खरोखरच हलेना, तेव्हा वैतागून तो उतरला आणि चालता चालता अख्खा पहिला प्रवेश सुचला. फिजिक्सवाला असल्यामुळे पुढे त्याने सगळं तपासून पाहिलं. जिममध्ये ट्रेडमिलवर चालला: घाम आला, संवाद आला नाही. गच्चीवर फेऱ्या मारल्या: नुसतं गरगरलं. पण फुटक्या लाद्या, फूटपाथवर चढणाऱ्या स्कूटर आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे चुकवत घराकडे निघालं, की माणसं डोक्यात बोलू लागायची. पाय थांबले की तीही गप्प.

आज त्याला थांबून परवडणारं नव्हतं. रविवारी तालीम होती आणि शेवटचा प्रवेश अडला होता. नाटकातल्या वसुमतीचा नवरा कित्येक वर्षांनी परत येतो, ती दार उघडते आणि... काय म्हणते? त्यात सुचेताने त्याच्या ऑफिसच्या अगदी समोर फ्लॅट शोधला होता. "रोजचे तुझे हाल बघवत नाहीत रे," म्हणाली होती. त्या फ्लॅटच्या मालकांना, नरसिंहरावांना, आज संध्याकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की घरी जाणं म्हणजे फक्त रस्ता ओलांडणं. आणि नाही म्हणायचं, तर कारण काय द्यायचं?

तो भराभर चालत होता. ओठ पुटपुटत होते, हात हवेतच कडी काढत होते.

"शुभंकर?"

शेजारून एक स्कूटर त्याच्याच वेगाने येत होती.

"एक मिनिट, बोलू नकोस," तो न थांबता म्हणाला. "ती दार उघडतेय."

"कोण ती?"

हेल्मेटच्या आत सुचेता होती. तेव्हा कुठे तो भानावर आला.

तिने स्कूटर कडेला घेतली. "'अडकलोय' म्हणून मेसेज केलास. म्हटलं, बिचारा उभा असेल बसमध्ये, आज आपण घेऊन येऊ. आणि रस्ता तर मोकळा आहे!"

"अडकलोय ते खरंय. शेवटच्या प्रवेशात."

"विनोद नको हं."

मग त्याने सांगून टाकलं. सांगताना एका पायावरचा भार दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. मागून एक मोटारसायकल फूटपाथवर चढली. "अक्का, स्वल्प साइड!" सुचेताने बाजूला व्हायचंही मनावर घेतलं नाही.

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मला सांगितलं असतंस तर मी काय पाय बांधून ठेवले असते तुझे?"

"तू म्हणाली असतीस, खाली सोसायटीतच चाल."

"म्हणालेच असते!" मग तिचा आवाज खाली आला. "उशिराचं काही नाही रे. दार उघडताना रोज मला तुझ्याबद्दल वाईट वाटायचं. ते वाईट वाटणं तू फसवून घेतलंस माझ्याकडून."

शुभंकरला वाक्य सापडलं. हेच. वसुमती दारात हेच म्हणते. त्याचे पाय आपोआप निघाले.

"हे लिहितोयस ना तू आत्ता?" सुचेता म्हणाली. "मी इथे बोलतेय, आणि तू लिहितोयस!"

आणखी थोडं चालला असता तर पुढचे संवादही आले असते. ते येताना त्याला ऐकूच येत होते. तो थांबला. वळून तिच्यासमोर उभा राहिला, आणि वसुमतीचं घर विझल्यासारखं झालं. सुचेता बोलत राहिली: तिसऱ्यांदा गरम केलेल्या भाजीबद्दल, फ्लॅट शोधत उन्हात फिरल्याबद्दल. तो उभ्याने सगळं ऐकत राहिला. पोटऱ्या ताठल्या होत्या.

फोन वाजला. नरसिंहराव. "काय अण्णा, घर तुम्हाला ठेवू, का देऊ दुसऱ्यांना? तुम्ही सरी, ठीक आहे म्हणा, मी 'टू लेट'चा बोर्ड काढतो."

"काढा बोर्ड," शुभंकर म्हणाला. "आम्ही येतोय."

सुचेताने हेल्मेट काढलं. "मग नाटक?"

"बघू. सात ते आठ कुठेतरी फिरेन."

"कुठे बोंबलत फिरायचं ते फिर. पण जॅम म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. ते मघाचं वाक्य... घेऊ?"

"घे. पण तालमीला मी येणार. कोण म्हणतंय ते बघायचंय मला."

तिने स्कूटर चालू केली नाही. हॅन्डल धरून ढकलतच निघाली, आणि तो तिच्या बाजूने. पुलाचे दिवे दिसू लागले. मग सुचेता म्हणाली, "पण काय रे, एवढं बोलल्यावर ती त्याला आत घेईलच कशावरून? ती म्हणेल, थांब, मीच बाहेर येते."

"आणि मग?"

"आता मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली, आणि तिचा वेग वाढला. तिला गाठायला शुभंकरला जवळजवळ पळावं लागलं.