भडगाव, ओ निगेटिव्ह

पडद्यावरची खिडकी अर्धी उघडली आणि लाइन तुटली. सुकदेवने तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे जीवराम उभा होता. भडगावच्या दवाखान्यात त्याच्या बाळंतीण बायकोला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, आणि ते देणाऱ्यांची नावं या पडद्याआड कुठेतरी अडकली होती.

सुकदेव जळगावच्या रक्तदाता मंडळाचा कॉम्प्युटरवाला. कचेरीतला प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. खिडकीवर खिडकी, कडेला मेनू, डबल क्लिक केलं की फडताळासारखे उघडणारे कप्पे. नव्व्याण्णव साली इंटरनेट आलं तेव्हा त्याने तेच सगळं हुबेहूब तिथे उतरवलं. कचेरीत सारं यंत्राच्या पोटातच असायचं, झटकन उघडायचं. इथे एकेका खिडकीला जळगावहून तारेवरून यावं लागे, आणि लाइन तुटली की केलेलं सगळं पाण्यात. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भडगावात मंडळाने कॉम्प्युटर ठेवला होता तो यशोदाबाईंच्या टेलिफोन बूथमध्ये, आणि तो चालू करून द्यायला सुकदेव आला होता. चौथ्यांदा लाइन गेली तशी बाईंनी कॉम्प्युटरची तार काढून फोनला लावली, मंडळाचा नंबर फिरवला आणि रामरामही न करता म्हणाल्या, "भडगाव. ओ निगेटिव्ह. दोन बाटल्या. आजच." एवढं होतंय तोच फोन बंद पडला. पण काम झालं होतं. दिवेलागणीच्या आत रक्त पोहोचलं आणि जीवरामची बायको वाचली.

सुकदेव मान खाली घालून बसला होता. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. दहा-अकरा वर्षं बूथ चालवताना त्या एकच गोष्ट बघत आल्या होत्या. लोक फोनवर पत्र बोलतात. साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, असं करता करता लाइन जाते आणि आई आजारी आहे हे सांगायचंच राहतं.

"भाऊ, चिठ्ठीमां रामराम पहिले चालस," त्या म्हणाल्या. "फोनवर कामनी गोट पहिले. लाइनना काय भरोसा शे?"

सुकदेवला राग यायला हवा होता, पण भरून आलं. इतकं मोलाचं त्याला क्लासातही कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याने ते बाईंना तसंच सांगून टाकलं.

महिन्याने तो परत आला. खिडक्या, मेनू, कप्पे, सगळं काढून टाकलं होतं. काढताना जीव तुटला होता. आता एकच साधं पान: वर रक्तगट, खाली नावं नि फोन. बाईंनी चष्मा लावून ओ निगेटिव्ह निवडलं. सात नावं आली.

"तुमनं काम कोठे दिसस यामां?" त्यांनी काळजीने विचारलं.

तेवढ्यात मोडेमचा दिवा विझला.

"लाइन गई."

"जाऊ द्या, अक्का," त्याने चहाचा कप ओढला.

सातही नावं पडद्यावर जागच्या जागी होती.