पोळ्याच्या दिवशी मी चालले

"बोंडे, इतक्या उंचावरून उड्या नोको मारू वं. गुडघे म्हातारपणासाठी राखून ठेव!"

आमच्या घरचा गडी पुंजाराम मला रोज असे बजावायचा. मी ऐकल्यासारखे एक कान हलवायचे आणि पुन्हा कापसाच्या गंजीवर चढायचे. वरून खाली झेप, खालून वर धाव. मला वाटायचे, गुडघे म्हणजे काय ज्वारी आहे, पेवात साठवून ठेवायला?

मित्रांनो, मी एक म्हातारी सशीण आहे. सात वर्षांची. तुम्हांला सात म्हणजे खेळायचे वय वाटेल, पण सशाला सातव्या वर्षी माणसाची साठी लागते. माझे मागचे दोन्ही पाय सांध्यांत धरलेले आहेत. तरीही मी ताठ मानेने सांगते की मी हरलेली सशीण नाही. मी जिंकलेली सशीण आहे. कशी, ते ऐका.

माझा जन्म एलिचपूरच्या छावणीत झाला. तिथल्या एका साहेबाच्या खानसाम्याने मला तेल्हाऱ्याच्या खुशालरावांना दिले. खुशालराव मला धोतराच्या सोग्यात गुंडाळून बैलगाडीने घरी घेऊन आले आणि नुकत्याच नांदायला आलेल्या आपल्या बायकोच्या, वच्छलाबाईच्या ओंजळीत ठेवले. मी इतकी पांढरी होते की ती म्हणाली, "अगबाई, हे तं कापसाचं बोंड हाय!" त्या दिवसापासून मी बोंडी झाले.

पुढे दूरदेशी, अमेरिकेत, लढाई पेटली. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना. मग साऱ्या जगाची नजर आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. बघता बघता भाव असा चढला की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या अंगणात कापसाच्या गंज्या घराच्या आढ्याशी बोलू लागल्या. व्यापारी यायचे, कापूस बघायचे आणि मग मला बघायचे. "वा! काय डौल आहे!" म्हणायचे. मी गंजीच्या टोकावरून उडी घेऊन दाखवायचे. तो काळ माझ्या कौतुकाचा होता.

पण भरभराट आली की माणसे दोन गोष्टी करतात, ते मी तेव्हा पाहिले. एक म्हणजे, जुने ते काढून टाकतात. खुशालरावांनी ओसरीची शेणाने सारवलेली जमीन खणून काढली आणि काळी, गुळगुळीत फरशी बसवली. अमरावतीच्या व्यापाऱ्याकडे पाहिली तशीच. तिच्यात तोंड दिसायचे. दुसरी गोष्ट म्हणजे, विकता येईल ते सगळे विकतात. शेतातला कापूस गेलाच, पण गाद्या उसवून गादीतला कापूस गेला, उशीतला गेला, आणि एके दिवशी माझ्या टोपलीतला मऊ बिछानाही गेला. ज्या घराने गाड्या भरभरून कापूस विकला, त्या घरात अंगाखाली घ्यायला मूठभर कापूस राहिला नाही!

मी त्या गार फरशीवर निजू लागले. तिच्यावर पाय घसरायचे. घसरू नये म्हणून मी पाय आवळून बसायचे. बसून बसून सांधे अधिक आखडले. मी दिवसभर एका कोपऱ्यात दिसू लागले, तेव्हा लोक म्हणाले, "आळशी झाली." धावणे थांबले म्हणून नखे झिजेनात, ती वाकडी वाढली. मान मागे वळेना म्हणून अंग चाटता येईना. शेपटीखालचे केस ओले राहू लागले. पाहुणे आता नाकाला उपरणे लावून माझ्यावरून पुढे जात.

मित्रांनो, आम्ही ससे दुखले तरी ओरडत नाही. रानात जो कण्हतो त्याला कोल्हा आधी गाठतो, हे आमच्या रक्तातच आहे. म्हणून आम्ही गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्याचे दुखणे कोणालाच ऐकू येत नाही.

श्रावण अर्धा सरला तेव्हा खुशालराव एकदा जेवता जेवता म्हणाले, "पोळा झाला का गाडी धारणीकडं जाऊन राह्यली, सागवान आनाले. बोंडीले बी नेतो. रानात सोडून देऊ. तिथं तिचे भाऊबंद हायेत."

ते क्रूर नव्हते. त्यांना खरेच वाटत होते की ते माझी सुटका करत आहेत. पण धारणीच्या त्या मेळघाटच्या रानात मी एक सकाळही काढली नसती.

वच्छलाबाईचा वाढता हात थांबला. तिच्या कडेवर दहा महिन्यांची सिंधू होती. ते मूल झाल्यापासून तिचा डोळा कधी मिटायचाच नाही. पोरगी शिंकली की ती उठे, पोरगी शिंकली नाही तरी उठे. सासरची माणसे हसायची. पण मित्रांनो, त्याच डोळ्यांनी मला वाचवले.

"अवो, ती आळशी नाई," ती म्हणाली. "मी आठ दिवस पाहून राह्यली. दुपारी उन्हाची तिरीप येते, तवा ती दोन पावलं टाकते. ऊन गेलं का बसते. चुलीपाशी जुनी जमीन हाय, तिथं चालते. फरशीवर एक पाऊल बी नाई. तिले दुखते."

"ससा काय तुले सांगून गेला?"

"सिंधू तरी कुठं सांगते? मले समजतेच ना!"

खुशालराव हसले. "बरं वं बाई. पोळ्याच्या दिवशी बैल दाराशी येतीन. तवा बोंडी आपल्या पायानं ओसरीच्या कोपऱ्यातून दारापावतर आली, तं राहू दे. नाई आली, तं धारणी."

कोपऱ्यापासून दारापर्यंत अकरा हात होते. मला ते अकरा कोस होते. आणि पोळ्याला उरले होते पंधरा दिवस.

पुंजाराम आमचा जुना सालदार. त्याचे सारे आयुष्य बैलांत गेलेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हे तुम्हांला माहीत असेल. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पुंजारामने विचार केला, बैलाला गुण येतो तर सशिणीला का नाही? त्याने मोठ्या मायेने माझ्या मागच्या पायांना लोणी-हळद चोळली. "बोंडे, तुले पंधरा दिस आधीच आवतन बरं का!"

मी पिवळीधमक झाले. केस चिकटून बसले. आणि अंगाला लागलेले चाटायचे, हा तर सशाचा धर्म. मान पोचेल तितके मी चाटले. त्या रात्रीपासून माझे पोट थांबले. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी घास घेतला नाही, एक लेंडीही पडली नाही. सशाचे पोट थांबले की ससा थांबतो.

वच्छलाबाईने पुंजारामला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तिने माझ्या केसांत ज्वारीचे पीठ भुरभुरवून लोणी टिपून काढले. मांडीवर घेऊन पोटावरून हळूहळू हात फिरवला. कोमट पाणी थेंब थेंब ओठांवर सोडले. कोवळी हरळी नाकाशी धरून बसली. एका मांडीवर सिंधू, एका मांडीवर मी. तिसऱ्या सकाळी मी हरळीचे एक पाते ओढले. दुपारी पुंजाराम ओसरीवरून ओरडला, "सूनबाई, पडली! लेंडी पडली!" पाहुणे बसले होते, ते दचकून उभेच राहिले. एकाने तर विचारले, काय, मुलगा झाला का?

"माह्यं चुकलं, सूनबाई," नंतर पुंजाराम म्हणाला. "बैलाले आपला खांदा चाटता येत नाई. हे मले सुधरलंच नाई."

"शेक बरोबर होता, मामा. फक्त कोरडा पायजे होता."

मग तिने सरकी फडक्यात बांधून तव्यावर गरम केली. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची, मगच माझ्या पायांना. सकाळ-संध्याकाळ. मला तो वास आवडायचा, पण खायला एक दाणाही देत नसे. सरकी बैलाने खावी, सशाने नाही. माझी नखे तिने थोडी थोडी कापली. शेपटीखालचे केस धुऊन, पुसून, उन्हात कोरडे केले. पाण्याचे वाडगे उथळ केले आणि तोंडाशी आणले.

उरली फरशी. तिच्यावर अंथरायला मऊ काही हवे होते आणि घरात कापूस नव्हता. तेव्हा पुंजाराम गोठ्यात गेला आणि आपली वाकळ घेऊन आला. ठिगळांवर ठिगळे असलेली, पण आत गच्च कापूस. "हे इकाले कोनी मांगतलीच नाई," तो म्हणाला. मोठ्या घराच्या गाद्या गेल्या होत्या, गरिबाची वाकळ तेवढी उरली होती. वच्छलाबाईने तिच्या पट्ट्या कापल्या आणि फरशीवर माझी वाट अंथरली. वाकळ नऊ हात पुरली. दाराजवळचे दोन हात फरशी उघडीच राहिली.

"हे पाहा, सूनबाई, लोनी चोपडल्यापेक्षा हे बरं," पुंजाराम म्हणाला. तो रोज पुढे बसून मला कोथिंबिरीची काडी दाखवायचा. पहिल्या दिवशी मी एक हात चालले. चौथ्या दिवशी तीन. सिंधू माझ्यामागून रांगायची आणि मला मागे टाकून हसायची.

पोळा उजाडला. झुली पांघरलेले, शिंगे रंगवलेले बैल दाराशी आले. डफड्याचा आवाज छातीत धडकत होता. मी थरथरले, पण निघाले. वाकळीवरून एक, दोन, पाच, नऊ हात. आणि मग समोर ती काळी फरशी.

मी पाय ठेवला. मागचा पाय बाजूला सरकला आणि मी पोटावर बसले. डफडे थांबले.

"राहू दे," खुशालराव हळूच म्हणाले. "उचला तिले."

"हात नोका लावू!" वच्छलाबाई म्हणाली. इतक्या माणसांसमोर तिचा आवाज इतका मोठा कोणी कधी ऐकला नव्हता. "ती येऊन राह्यली."

होय, मी येत होते! मी पुढचे पंजे रोवले. कापलेल्या नखांमुळे ते आता सपाट टेकत होते. मागचा पाय पोटाखाली ओढला. दुखले. पुन्हा ओढला. एक हात झाला. मग मी अर्धी उडी मारली, मित्रांनो! वर्षभरानंतरची माझी पहिली उडी. दाराच्या चौकटीला माझे नाक लागले. मी बैलांच्या ताटातले हिरवे पान उचलले आणि सर्वांदेखत खाल्ले.

"मालक, सागवान आना," पुंजाराम डोळे पुसत म्हणाला. "गाडीत जागा झाली."

हशा पिकला. पण खुशालराव हसले नाहीत. ते खाली बसले, ओल्या हवेत गारठलेल्या फरशीवर त्यांनी तळहात टेकला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग उठले, आतून बैलांची जुनी झूल आणली आणि उरलेल्या दोन हातांवर स्वतः अंथरली.

गाडी धारणीला माझ्याविना गेली. माझे सांधे बरे झालेले नाहीत. म्हातारपणाचे सांधे बरे होत नसतात. पण मी कोरडी आहे, उबेत आहे, आणि रोज आपल्या पायांनी दारापर्यंत जाऊन येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी हल्ली एकाच जागी बसून असेल. कुत्रा असेल, गाय असेल, नाहीतर तुमचेच कोणी वडीलधारे. ते काही मागत नसतील. "आता वय झालं," असे म्हणून तुम्ही त्यांच्यावरून पुढे जात असाल. आज जाऊ नका. जवळ बसा. त्यांच्या अंगाखाली हात घालून बघा. गार लागते का? ओले लागते का? पाणी हाताशी आहे का? ते सांगणार नाहीत. तुम्हांलाच बघावे लागेल.

माझी गोष्ट संपली. आता उठा आणि बघून या.