डावखुऱ्या सुलोची सुरी

मी सुरी बोलतेय. स्वयंपाकघरात भाज्या चिरणारी नव्हे, माणसाच्या कमरेला चामड्याच्या म्यानात लटकणारी. आमच्या फिनलंडात मला पुक्को म्हणतात.

यालमारी लोहारानं मला घडवलं ते सुलोसाठी. सुलो तेव्हा नुकताच जंगलात लाकूडतोडीला लागला होता.

"हात दाखव," यालमारी म्हणाला. सुलोनं उजवा हात पुढे केला.

"हा नाही. काम करतोस तो."

सुलो ओशाळला. शाळेत त्याच्या डाव्या हातावर बऱ्याच छड्या बसल्या होत्या. त्यानं तो हळूच पुढे केला. यालमारीनं तळवा दाबून पाहिला आणि भूर्जाच्या लाकडाची माझी मूठ त्या मापानं तासली. पात्यावर आपला ठसा मारला आणि मला सुलोच्या हवाली केलं. सुलोनं मूठ धरली आणि हसला. त्याचा डावा हात कुणीतरी पहिल्यांदाच मनावर घेतला होता.

मग आमचा संसार सुरू झाला. मी मासे साफ केले, सॉसेज कापलं, सौनातल्या वाफेच्या अंघोळीसाठी भूर्जाच्या डहाळ्या तोडल्या. सायमी नावाच्या मुलीच्या बुटात खिळा रुतला होता, तो सुलोनं माझ्याच टोकानं काढला. पुढे ती त्याची बायको झाली.

सुलो बोलायचा फार कमी. बसल्या बसल्या त्याचा अंगठा माझ्या मुठीवर फिरत राहायचा. चिडला असला की जोरात, खुशीत असला की सावकाश. सायमी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, त्या अंगठ्याकडे बघायची आणि काय ते समजायची. फिरून फिरून लाकडात तिथं एक खळी पडली.

सुलो गेला तेव्हा सायमीनं मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. येता-जाता ती मला हातात घ्यायची. स्वतः उजव्या हाताची, पण मला डाव्याच हातात धरायची. अंगठा त्या खळीत टेकवायची आणि जरा वेळ उभी राहायची.

एके दिवशी ओइवा आला. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, सुऱ्या जमवण्याचं वेड असलेला माणूस. आमच्या भागातल्या लोहारांचे ठसे त्याला तोंडपाठ. यालमारी वारून बरीच वर्षं झाली होती, लोक त्याला विसरत चालले होते. ओइवाला यालमारीच्या सुऱ्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं.

त्यानं मला खिळ्यावरून उतरवलं. "सायमी, अगं हे यालमारीचं उत्तम काम आहे! आणि तू ते टोपीसारखं टांगून ठेवलंयस?"

"टोपी रोज लागते, म्हणून दाराशी असते," सायमी म्हणाली. "ने. पण जशी आहे तशी परत आण."

"अगं, डोळ्यांत तेल घालून जपेन."

ओइवा खोटं बोलला नव्हता. त्यानं मला खरंच जपलं. पात्यावरचे काळपट डाग काढले, तेल लावलं. मग मूठ उजव्या हातात धरून पाहिली. खळी भलत्याच जागी आली. "कुणीतरी पाडून, आपटून वाट लावलीय बिचारीची," तो पुटपुटला आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. किती मायेनं घासत होता तो! सायमी केवढी खूश होईल, असं मला सांगतही होता. खोटं कशाला बोलू, मलाही ते लाड आवडले. सुलोचा अंगठा माझ्या अंगावरून पुसला जात होता आणि मी मात्र चमकायचं सुख घेत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी गावच्या सभागृहात गर्दी झाली. सायमी ठेवणीतला कोट घालून आली. एकेका सुरीपुढे थांबत पुढे सरकली. माझ्यापुढेही थांबली आणि पुढे गेली.

"ओइवा, आमची कुठंय?"

ओइवा खुशीत आला. मला उचलून त्यानं तिच्यापुढे धरलं. "ओळखली नाहीस ना? बघ, हा यालमारीचा ठसा!"

सायमीनं मला घेतलं. डाव्या हातात. तिचा अंगठा मुठीवर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ओइवा त्या हाताकडे बघत होता. त्याचं हसू तिथंच विरलं.

"सुलो डावखुरा होता?" त्यानं विचारलं.

सायमी म्हणाली, "सुरी हरवली असती तर मी शोधत तरी बसले असते रे."

तिनं मला टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली.

तेव्हापासून ओइवाला अन्न गोड लागेना. लोक त्याचं कौतुक करत होते, यालमारीला त्यानं पुन्हा जिवंत केलं म्हणत होते, आणि त्याची मान खाली जात होती. दुसऱ्या लोहाराकडून तशीच खळी कोरून घ्यावी, असंही त्याच्या मनात आलं. मला हातात घेऊन तो निघालासुद्धा, पण अंगणातूनच परत फिरला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी तो मला कमरेला लावून सायमीच्या दारात उभा राहिला. ती ओसरीवर माशांची टोपली घेऊन बसली होती.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

सायमीनं त्याला कॉफी दिली.

"घासलंस त्याचा भुसा काय केलास?" तिनं एकदम विचारलं.

ओइवानं कप खाली ठेवला. "चुलीत टाकला."

सायमी ओसरीसमोरच्या नदीकडे बघत राहिली. "मग ऊब तरी लागली का रे?"

ओइवानं मान फिरवली. एवढा मोठा माणूस, बाहीनं डोळे पुसत राहिला. सायमीनं त्याला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग टोपली त्याच्याकडे सरकवली.

"कमरेला सुरी आहे ना? मग साफ कर."

तेव्हा कळलं, जन्मभर सुऱ्या जमवणाऱ्या या माणसानं मासा कधी साफ केलाच नव्हता. निम्मे खवले त्याच्या शर्टावर उडाले. "अरे, मासा कापतोयस की पाकीट फोडतोयस?" सायमी म्हणाली. हसली नाही, पण बोलली.

"ही तुझ्याकडेच ठेव," निघताना ओइवा मला पुढे करत म्हणाला.

"नको. अजून बघवत नाही मला तिच्याकडे."

आता मी ओइवाकडे असते. तो अधूनमधून मासे साफ करायला तिकडे जातो आणि मला बरोबर नेतो. सायमी त्याला कॉफी देते, टोमणे मारते, पण मला हात लावत नाही. मी ओसरीच्या फळीवर पडून असते, माशाच्या वासानं भरलेली. तिचा हात कपाकडे जातो, टोपलीकडे जातो, माझ्या अगदी जवळून जातो. तिनं मला माफ करावं, असं म्हणायचा मला हक्क नाही. सायमी, तू फक्त एकदा माझ्याकडे बघ, एवढंच मागणं आहे.