अर्लच्या रायफलची वाकडी माशी

शेजारचा अर्ल गेला, आणि जाताना आपली रायफल प्रल्हादच्या नावे करून गेला. आता याला काय म्हणायचं! ज्या माणसाने उंदराचा पिंजरासुद्धा आयुष्यभर बायकोला लावायला सांगितला, त्याला बंदूक! अर्लची मुलगी कॅरल ती ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेऊन आली. "डॅड म्हणाले होते, प्रल्हादलाच द्यायची," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

रायफल लष्कराने केव्हाच मोडीत काढलेली, लाकडी दस्त्याची. त्याच्या बायकोने, मालिनीने, ती बघितली आणि कमरेवर हात ठेवले. "ही घरात राहणार नाही. परत दे, नाहीतर पोलिसांना नेऊन दे."

"अगं, अर्लची तेवढीच वस्तू आहे माझ्याकडे," प्रल्हाद म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आल्यापासूनचा शेजार. बर्फ दोघांनी मिळून उपसलेला, पानं दोघांनी मिळून गोळा केलेली. सख्ख्या भावाशी तो इतकं बोलला नव्हता.

मग त्याला अक्कल सुचली. "दसरा येतोय ना? दरवर्षी आपण लॅपटॉप आणि भाजीच्या सुरीची पूजा करतो. या वर्षी खरं शस्त्र ठेवू की!"

मालिनी पेचात पडली. देवाचं नाव आलं की तिचा नाइलाज व्हायचा. तिने चष्मा लावून रायफल न्याहाळली आणि किंचाळलीच, "अगं बाई, ही तर खंडित आहे!"

होतीच. नळीच्या टोकावर नेम धरायचा जो लोखंडी काटा असतो, माशी म्हणतात ती, पार पुढे वाकलेली. मागची पट्टीही गंजून जाम झालेली.

पुरुषोत्तम गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि वीकेंडला सत्यनारायण. "कॅमेरा जवळ घ्या," ते म्हणाले. "हं. क्रिटिकल इश्यू आहे. खंडित वस्तू पूजेत चालत नाही. दसऱ्याच्या आत फिक्स करा, नाहीतर विसर्जन."

"बंदुकीचं विसर्जन? कुठे?"

"वाहत्या पाण्यात. पोटोमॅक आहे ना!"

पोटोमॅक नदी पुढे थेट वॉशिंग्टनला जाते. कपाळाला गंध, हातात रायफल आणि तोंडाने 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत आपण काठावर उभे आहोत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि प्रल्हादला दरदरून घाम फुटला. त्याने ताबडतोब बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठलं.

दुकानदार ड्वेन म्हणजे दाढीचं जंगल. "घाई कसली? शिकारीला जायचंय?"

"नाही, हिला फुलं वाहायची आहेत."

"मग माशी सरळ कशाला हवी?"

"देवाला वाकडी चालत नाही."

ड्वेनने टोपी काढून छातीशी धरली. देवाचं म्हटल्यावर पुढे काय बोलणार! त्याने नवी माशी बसवली, नवी पट्टी बसवली, आणि हटून बसला: गोळी झाडून नेम तपासल्याशिवाय माल द्यायचा नाही.

झालं! शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर मालिनीही आली, हळदकुंकवाची कोयरी घेऊन. प्रल्हादने डोळे मिटून चाप ओढला. गोळी शेजारच्या माणसाच्या टार्गेटला लागली. त्या माणसाने आभार मानले. ड्वेनने माशी हातोडीने केसभर सरकवली. पुढची गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक.

"दे इकडे! कॉलेजात एनसीसीत होते मी," मालिनी म्हणाली. पदर खोचून तिने नेम धरला, आणि पहिलीच गोळी काळ्या ठिपक्याच्या मधोमध. ड्वेन तिला मॅडम म्हणायला लागला. येताना गाडीत ती गाणं गुणगुणत होती, आणि रायफल परत द्यायचं नाव तिने काढलं नाही. प्रल्हाद हरखून गेला. अर्ल आता कायमचा घरात राहणार होता.

दसऱ्याला पाटावर लॅपटॉप, सुरी आणि झेंडूच्या माळेतली रायफल. पूजा सांगायला गुरुजी आले होते, आणि कॅरलला मुद्दाम बोलावलं होतं. ती आत आली, रायफलपाशी वाकली, आणि तिचा चेहराच उतरला.

"माशी सरळ केलीत?"

"नवी बसवली!" प्रल्हाद छाती फुगवून म्हणाला.

कॅरल खुर्चीत बसली. आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. "ती डॅडनी स्वतः वाकवली होती, लोखंडी पकडीत आवळून. हुक हवा होता त्यांना. तुमचा दिवाळीचा कंदील ते मेपलच्या झाडावर टांगायचे ना? गुडघे गेल्यावर शिडी चढवेना. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्यांना टांगू दिला नसता. म्हणून तुम्ही ऑफिसातून यायच्या आत अंगणात उभं राहून बंदूक उंच धरून त्या हुकाने कंदील फांदीला अडकवायचे."

"पण काठी घ्यायची ना!" प्रल्हाद कसाबसा म्हणाला.

"मीही तेच म्हणायचे. डॅड म्हणायचे, काठी कुणीही घेईल."

प्रल्हादला पाटाकडे बघवेना. बंदूक नव्हतीच दिलेली त्याला. कंदील टांगायचं काम सोपवलं होतं, आणि त्याने हौसेने त्याचीच वाट लावली होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"तसं बघितलं तर," गुरुजींनी घसा साफ केला, "खंडित वस्तू..."

"गुरुजी, प्रसाद घ्या," मालिनी म्हणाली आणि फोन घेऊन उठली. "ड्वेन? मी मालिनी. जुनी माशी फेकली नाहीत ना?... आहे? देवच पावला! तीच परत बसवायची... अहो, वाकडी आहे ते मला माहीत आहे. हात लावू नका तिला, आहे तशी ठेवा. आम्ही निघालोच."