शहाणी लाथ मारत नाही

आमच्या गोठ्यात रोबोट आला त्या दिवशी सासरे अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून सकाळपासून फाटकात उभे होते. पाहुणा येणार म्हणून. ट्रकमधून आधी एक लोखंडी पिंजरा उतरला, मग कपाटाएवढी पेटी, मग नळ्यांची वेटोळी. ट्रक रिकामा झाला तरी बाबा टाचा उंचावून आत बघत होते.

"तो कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हाच तो, बाबा."

"ह्याला तोंड नाही?"

"धार काढायला तोंड कशाला हवं?"

हे त्यांना पटलं नाही. धार काढताना गाईशी बोलावं लागतं, नाहीतर ती पान्हा सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं तर मीही बोलायचे. लग्न करून आले तेव्हापासून एकोणीस गाई, पहाटे आणि संध्याकाळी, कपाळ त्यांच्या कुशीला टेकून जे बोलले ते नवऱ्याशीही बोलले नसेन. पण शेवटी उजव्या हाताच्या बोटांनी संप पुकारला. साधं कुलूप उघडेना. डॉक्टर म्हणाले, धारा बंद. नवरा दुधाचा टँकर घेऊन दिवसभर बाहेर, बाबांचं वय झालेलं. मग रोबोटशिवाय इलाज नव्हता.

आल्यावर आठवडाभर शेजारपाजारचे बघायला येत होते आणि मी कॉलर ताठ करून समजावत होते. पंखाही आपोआप फिरतो, पण खोलीत माणूस आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रोबोटला समोर काय आहे ते आधी कळावं लागतं, मग काय करायचं ते ठरवावं लागतं आणि मग ते करावं लागतं. एवढंच. बाकी सगळा लोखंडाचा पसारा.

म्हणजे असं. पिंजऱ्यात खुराकाचा वास येतो. गाय वासानं आपण होऊन शिरते, कुणी हाकायला नको. शिरली की फाटकापाशी बसवलेलं यंत्र तिची नोंद घेतं. पेटीतला कॉम्प्युटर बघतो, हिची धार शेवटची कधी काढली? तासाभरापूर्वीच काढली असेल तर पुढचं फाटक उघडतं, खुराक मिळत नाही, चला पुढे. आमच्या गोठ्यातली बाईसाहेब नावाची गाय दिवसातून दहा वेळा अशी फुकटच्या आशेनं आत जायची आणि दहा वेळा तोंड पाडून बाहेर यायची. धारेची वेळ झाली असेल तर मात्र पोटाखाली हात सरकतो. त्याला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे, आणि ते सगळं हवेच्या दाबावर हलतं. आधी ब्रशनं सड पुसायचे, मग लाल प्रकाशाची बारीक रेघ फिरवून सड नेमके कुठे आहेत ते शोधायचं, मग चार कप एकेक करून लावायचे. ज्या सडाचं दूध संपलं त्याचा कप आपोआप गळून पडतो.

शोध कुठून सुरू करायचा हे मात्र त्याला शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी इंजिनिअरनं बटणांची डबी हातात धरून तो लोखंडी हात प्रत्येक गाईखाली स्वतः फिरवला आणि जागा पाठ करून घेतल्या. शहाणीला दोन मिनिटं लागली. तिची कास उंच, सड सरळ, आणि स्वभाव नावाप्रमाणे. बाईसाहेबांची कास जमिनीला टेकायला आलेली, मागचे दोन सड भांडण मिटवायला बसल्यासारखे एकमेकांकडे वळलेले. तिथे पाऊण तास गेला आणि एका लाथेत इंजिनिअरचा चष्माही.

"एकदा शिकला की झालं," मी सगळ्यांना सांगायचे. "आता हा प्रत्येक गाईला ओळखतो." बाबा मागे उभे राहून ऐकायचे आणि मान हलवायचे. नाराज होते, पण कौतुकही होतं.

दोन महिने सुखाचे गेले. बोटं जरा सुधारली. सकाळी मी गोठ्यालगतच्या खोलीत चहा घेऊन बसायचे, समोर रोबोटची स्क्रीन, शेजारी पिंजऱ्याकडे उघडणारी बुटकी खिडकी. कुठे अडलं तर रोबोटच माझा फोन वाजवायचा.

मग एका सोमवारी फोन वाजला. बावीस नंबर. बावीस म्हणजे शहाणी. लाथ मारून कप पाडले. मी खोलीतूनच बटण दाबून पुन्हा प्रयत्न करायला लावला. पुन्हा लाथ. संध्याकाळी तेच, मंगळवारी तेच. अठरा लिटर देणारी गाय सहावर आली. उलट सतरा नंबरच्या बाईसाहेब सुधारल्या होत्या. वेळ लागायचा, पण लाथ नाही, काही नाही. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, म्हातारपणी अक्कल आली. दुसरीची गेली.

इंजिनिअरला फोन केला. त्यानं आपल्या ऑफिसात बसून सगळे आकडे पाहिले. "ताई, काही गाईंना रोबोट मानवत नाही," तो म्हणाला. "दूध अंगावर राहिलं तर कास सुजेल. ठेवू नका."

दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात हे मलाही माहीत आहे. पण दूध नाही आणि लाथा तेवढ्या, असं किती दिवस चालवणार? व्यापाऱ्याशी बोलले. शनिवारी गाडी आणतो म्हणाला. लाथाळ गाय व्यापारी कुठे नेतो हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाबांना जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"शहाणी लाथ मारत नाही," ते म्हणाले.

"बाबा, आकडे आहेत. दिवसातून तीनदा."

"आकडे असतील. शहाणी लाथ मारत नाही."

मला राग आला. हात माझे गेले होते, त्यांचे नाही. प्रेम करायला त्यांचं काय जातं, असंही मनात आलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण बाबा ताट घेऊन उठले.

शुक्रवारी दुपारी ते स्टूल घेऊन पिंजऱ्याच्या पुढच्या फाटकापाशी जाऊन बसले. गाय जिथे तोंड घालून खुराक खाते तिथे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. बसा, म्हटलं. चार गाई आल्या, गेल्या. पाचवी शिरली तेव्हा बाबांची हाक आली.

"सूनबाई, ये. शहाणी आत आहे. बघ, मारतेय का लाथ."

मी स्क्रीन पाहिली. "ती बाईसाहेब आहे, बाबा. सतरा नंबर."

"अगं, मी तिच्या तोंडासमोर बसलोय."

"मी स्क्रीनसमोर बसलेय."

"मग ऊठ."

तणतणत उठले. म्हटलं, आता नजरही गेली का यांची? वळसा घालून पुढे आले. डाव्या कानाचं टोक दुमडलेलं. खाताना डोळे मिटलेले. पोटाखाली रोबोटचा हात पार खाली, जमिनीजवळ चाचपडत होता, काही सापडलं नाही की वर येत होता, पुन्हा चाचपडत होता, आणि वर शहाणी शांतपणे खुराक चावत होती. तिच्या गळ्यात सतराचा पट्टा होता.

"बाबा," मी म्हणाले, "हा पट्टा हिच्या गळ्यात कसा?"

"पट्टा? रविवारी धुतले मी. मानेला घासतात. ह्या दोघींचे फारच कळकट झाले होते. वाळले, घातले परत."

"कुणाचा कुणाला?"

"आता ते काय बघायचं, सगळे सारखेच." मग माझ्याकडे बघून ते थांबले. "तूच म्हणालीस ना, तो प्रत्येकीला ओळखतो?"

म्हटलं होतं. दहा जणांसमोर म्हटलं होतं. मी तिथेच उकिडवी बसून त्यांना खरं काय ते सांगितलं. तो गाय ओळखत नाही. पट्ट्यात एक चिप आहे, ती आपला नंबर सांगते, आणि त्या नंबरापुढे जो नकाशा लिहिलाय तिथे हा हात घालतो. शहाणीखाली तो बाईसाहेबांचे सड शोधतोय. ती गरीब, उभी राहते. तिकडे बाईसाहेबांखाली शहाणीचे शोधतो, आणि त्या लाथा घालतात. नाव लागतंय शहाणीला.

बाबांनी विचार केला. "म्हणजे मी तो पट्टा घालून आत शिरलो तर?"

"तर तुमच्याखाली कास शोधेल."

"आणि खुराक?"

"मिळेल."

"मग अगदीच वेडा आहे," ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. शहाणीच्या कपाळावरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "त्याला कळलं नाही, ते समजलं. तुला कसं कळलं नाही?"

पाच दिवस. खिडकीतून मला चार पाय आणि कास दिसत होती. ती कासही मी नऊ वर्षं ह्या हातांनी हाताळलेली. वळलेले सड डोळे मिटून सापडले असते. मी स्क्रीन वाचत बसले होते. भयंकर लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

पट्टे बदलले. बाईसाहेबांची कास गरम लागत होती, म्हणून त्या संध्याकाळी त्यांची धार मी हातानं काढली. बोटं बोंबलत होती. बाईसाहेबांनी एक लाथ घातली, ती मी मुकाट्यानं घेतली. मग व्यापाऱ्याला फोन केला.

"गाडी आणू नका. गाय चांगली आहे. नजर माझी गेली होती."

"माझ्या मेहुण्याचंही तेच झालं," तो कळवळून म्हणाला. "डॉक्टरचा नंबर देऊ?"

सकाळी चहाचा कप घेऊन खोलीकडे निघाले तर बाबांनी अडवलं. पुढच्या फाटकापाशी दोन स्टुलं मांडलेली होती. गाय बाहेर आली की ते तिच्या पट्ट्यावर तळवा ठेवायचे आणि विचारायचे, "ही कोण?" माझ्या तीन चुकल्या. चौथीही चुकली आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं तेव्हा माझा पारा चढला.

"त्या रोबोटला विचारा की असं पट्टा झाकून," मी म्हणाले. "त्याच्या एकोणीसच्या एकोणीस चुकतील."

"चुकू देत," बाबा म्हणाले. "तो बिचारा कामाला आलाय. तू घरची आहेस."