अकराव्या पानावरचा डाग

“माझ्या वाट्याला कोणतं पान येतं?”

ब्रिएलने माइक तोंडाच्या इतका जवळ धरला होता की तिचा श्वाससुद्धा हॉटेलच्या त्या सभागृहात घुमला. पुढच्या तीन-चार रांगांमधल्या माना वळल्या. तिच्या डावीकडे कॅमरी खुर्चीतून घसरत घसरत जवळजवळ गालिच्यावर पोचली होती, आणि उजवीकडे जॉसलिन स्वतःच्याच बाहीत तोंड खुपसून हसत होती. पैज दोघींनीच लावली होती: विचारून दाखव, महिनाभर आमचे फ्राइज तुझे. मागच्या वर्षीची ब्रिएल असती तर माइक शेजारणीकडे सरकवून मोकळी झाली असती. पण मागच्या वर्षीची ब्रिएल शाळेच्या वादविवाद संघात नव्हती, आणि आपला आवाज मोठा आहे हा काही आजार नव्हे, हे तिला तेव्हा कळलेलं नव्हतं.

“म्हणजे असं बघा,” ती म्हणाली, “पुस्तकाची पानं बावन्न. तुम्ही हिस्से केलेत पाच हजार. त्यातले हजारेक माझ्या नावावर आहेत. म्हणजे दहा पानं तर माझी झालीच. मग कोणती दहा?”

सभागृह हसलं. क्लीव्हलंडमधली ती शनिवारची दुपार होती, जेवणं नुकतीच झाली होती, आणि लोकांना हसायला निमित्त हवंच होतं. स्टेजवर, दुर्मीळ पुस्तकं विकत घेऊन त्यांचे हिस्से लोकांना विकणाऱ्या कंपनीचा माणूस उभा होता, ब्रेट व्हिटमर. सूट महागाचा, बूट मात्र खेळाचे, पांढरेशुभ्र. तोही हसला.

“झकास प्रश्न! पण पुस्तक म्हणजे पिझ्झा नव्हे. तुमचा हिस्सा किमतीत असतो, कागदात नसतो. पुस्तक तिजोरीत, कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद. ते कुणीच उघडायचं नाही. म्हणून तर ते सगळ्यांचं आहे.”

“कुणीच वाचायचं नाही?”

“वाचलं की भाव पडतो.” पुन्हा हशा. “बरं, समजा मागायचंच झालं, तर कोणतं पान मागशील?”

“अकरावं.”

तिने क्षणभरही विचार केला नव्हता. दोन रांगा पुढे तिची आई, लट्रीस, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होती. पत्रिका जागच्या जागी थांबली.

“काय योगायोग आहे!” ब्रेटने हातातलं बटण दाबलं. “माझी पुढची आनंदाची बातमी अकराव्या पानाचीच आहे.”

ते पुस्तक म्हणजे ‘लेडी डेब्रेक’ या जुन्या कॉमिकचा पहिला अंक. विमान चालवणारी, वादळात शिरणारी, चोरांना ढगातून खाली खेचणारी बाई. असे अंक आता देशभरात मिळून तीस-चाळीसच उरले असतील. हा अंक ब्रिएलच्या आजीचा होता. नॅना व्हर्डेलने तो १९४८ साली, नऊ वर्षांची असताना, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून दहा सेंटला घेतला आणि पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं कपाटात उशांच्या अभ्र्यांखाली ठेवला. ब्रिएलने तो पाच-सहा वेळा वाचला होता, प्रत्येक वेळी हात साबणाने धुऊन, नॅनाच्या शेजारी बसून. पानं नॅनाच उलटायची. मागच्या वर्षी घरच्यांनी तो कंपनीला विकला. अर्ध्याहून जास्त रक्कम हातात घेतली, आणि एक हजार हिस्से ब्रिएलच्या कॉलेजसाठी तिच्या नावावर ठेवले. ती अठरा वर्षांची होईपर्यंत सही आईची.

नॅनाने नाही म्हटलं नव्हतं. “विका,” म्हणाली होती. “पण आहे तसं.”

आणि आज सकाळी फोनवर ती ब्रिएलला म्हणाली होती, “त्या विमानवाल्या बाईची गाठ पडली तर विचार गं, बरी आहे का म्हणावं. आणि जमलं तर तिचा फोटो आण. संध्याकाळी तळलेले मासे करतेय, वेळेवर या.”

पडद्यावर दोन चित्रं उमटली. एकच पान, दोनदा. डावीकडे लेडी डेब्रेक विमानाच्या खिडकीतून अर्धी बाहेर झुकलेली, केस उडताहेत, चेहरा तपकिरी. नुसता तपकिरी नव्हे. कपाळावर जरा गडद, गालावर हलक्या हाताने घासलेला, नाकाच्या बाजूला बोटाने पसरवलेला. केसांच्या कडेनेही गडद रेघा होत्या. कुणीतरी त्या पिवळ्या बटांमधून दोन घट्ट वेण्या काढल्या होत्या. उजवीकडे तीच बाई, तीच खिडकी, तेच वादळ. चेहरा गुलाबी. उरलेल्या एकावन्न पानांवर होता तसाच.

“हे तेलकट डाग पाहा,” ब्रेट डावीकडे बोट दाखवत म्हणाला. “कुणा पोराचे मळके हात असतील, किंवा त्या काळचं छपाईचं तेल. आमच्या तज्ज्ञांनी सहा आठवडे कापसाच्या बोळ्याने एकेक मिलिमीटर साफ केला. पान फाटलं नाही, शाई हलली नाही. दर्जाच्या गुणांत आपलं पुस्तक दहापैकी चारवर अडकलं होतं. आता साडेसहा!”

टाळ्या पडल्या. खरोखरच्या, मनापासून वाजवलेल्या टाळ्या. कॅमरीनेही वाजवल्या, कारण तिच्या मामाचे तीन हिस्से होते. ब्रिएलच्या वडिलांनी, लेमारनेसुद्धा, तीनदा हात वाजवले, मग पडद्याकडे नीट पाहिलं, आणि चौथ्या टाळीसाठी उचललेले हात तसेच अधांतरी राहिले. आईचे हात मांडीवर होते. ती पडद्याकडे बघतच नव्हती.

ब्रिएल उठली तेव्हा माइक तिच्या हातात नव्हता. तिला त्याची गरजही पडली नाही.

“तो डाग नाहीये!”

टाळ्या विस्कटल्या.

“भुवया रंगवायची पेन्सिल आहे ती! माझ्या नॅनाच्या आईची. नॅनाकडे तपकिरी रंग नव्हता. खडूच्या डबीत आठ रंग होते आणि तपकिरी तिच्या भावाने हरवला होता. म्हणून तिने आईची पेन्सिल घेतली आणि या बाईला... या बाईला रंगवलं. स्वतःसारखं, काळ्या मुलीसारखं. त्या एकाच पानावर अख्खी पेन्सिल संपली. त्याबद्दल मार खाल्लाय तिने. मळके हात? तुम्ही मळके हात म्हणालात?”

तिचा आवाज फाटला.

मग दुसऱ्या रांगेतला एक टकला गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाला, “म्हणजे रंगवलेलं होतं? विकताना हे सांगायला नको होतं का? मग तर पुसलं ते बरंच झालं.”

“हो ना,” त्याच्या शेजारची बाई म्हणाली. “पोरी, तुझाच फायदा झाला की. सगळ्यांत जास्त तुझा.”

त्या बाईच्या आवाजात जराही कुचकेपणा नव्हता. ब्रिएलला तेच सहन झालं नाही.

“तुम्ही वाचलंय का ते?” तिने विचारलं. “इथे एकाने तरी वाचलंय?”

ब्रेटने दोन्ही तळवे वर केले, रहदारी थांबवल्यासारखे. “फार हृद्य गोष्ट आहे ही. खरंच. हे आम्हाला आधी माहीत असतं तर... पण एक स्पष्ट करतो. विक्रीच्या वेळी तुमच्या घरच्यांनी अटच घातली होती. कुटुंबाच्या सहीशिवाय पुस्तकाला काहीही करायचं नाही. आम्ही ती अट अक्षरशः पाळली. सफाईच्या कागदावर सही आहे.” त्याने टेबलावरचं बाड चाळलं. “लट्रीस गेंट्री.”

दोन रांगा पुढे आईची मान ताठ झाली. ती वळली नाही.

बाहेर गाड्यांपाशी आल्यावर कॅमरी हळूच म्हणाली, “फ्राइज सोमवारपासून ना?” आणि जॉसलिनने तिला कोपराने असं ढोसलं की ती कळवळली.

“गप गं, म्हशी.”

“मी आपलं वातावरण हलकं करत होते.”

“तुझ्या मामाला सांग करायला.” जॉसलिनने ब्रिएलला घट्ट मिठी मारली, कॅमरीनेही मारली, आणि दोघी बसथांब्याकडे गेल्या.

गाडीत ब्रिएल मागच्या सीटवर बसली, आई पुढे. लेमार चालवत होता. रेडिओ लावायला त्याने हात पुढे केला आणि परत घेतला.

“मम्मा, त्यांनी तुला काय सांगितलं होतं?”

“डाग आहेत म्हणाले. साफ करायचे आहेत म्हणाले.”

“कोणत्या पानावर ते विचारलंस?”

आईने खिडकीची काच थोडी खाली केली, मग पुन्हा वर केली.

“विचारलं.”

“मग?”

“अकरा म्हणाले.”

“लट्रीस,” लेमार म्हणाला. एवढंच.

“काय लट्रीस? तू वाचलास का तो कागद? ‘तू बघ गं’ म्हणून माझ्यासमोर सरकवलास!” आई आता पूर्ण मागे वळली होती, सीटच्या पाठीला धरून. “आणि तू. मोठी भाषणं ठोकतेस. मी नऊ वर्षांची होते ना, तेव्हा तुझ्या नॅनाने त्या पुस्तकाला हातसुद्धा लावू दिला नव्हता मला. फाडशील म्हणाली. तुला शेजारी बसवून वाचून दाखवलं, मला नाही. मला ते पान काय होतं? एक पान होतं! तुझं कॉलेज चारावर अडकलं होतं, ब्रिएल, आणि एका सहीने सुटत होतं.”

“ती म्हणाली होती, आहे तसं.”

“माहितेय मला काय म्हणाली होती! ती अट मीच लिहून घेतली होती.”

“आणि मीच मोडली, असं म्हण पुढे.”

“जीभ आवर.”

“नाही आवरत.”

“मग हेही ऐक. सफाईची कुणकुण लागून भाव चढला त्या दिवशी किचनमध्ये नाचलं कोण? ‘वीस हिस्से विक ना मम्मा, बूट घे ना मम्मा.’ का चढला, विचारलंस तेव्हा?”

ब्रिएलने नव्या बुटांतले पाय सीटखाली ओढून घेतले.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिने पाहिलं, आणि तिच्या खांद्यांतला ताण एकदम उतरला. तिने फोन मागे धरला. ब्रेटने चित्रं पाठवली होती, दोन्ही, शुभेच्छांसह. पहिल्या चित्रात ती तपकिरी बाई खिडकीतून झुकलेली होती, इतकी स्पष्ट की पेन्सिलीचे कण दिसावेत.

“हे बघ,” आईचा आवाज बदलला होता. जवळजवळ विनवणीचा. “तिला फोटो हवाय ना? हा दाखव. खोटा तर नाहीये. तिच्याच हातचा आहे. बघेल, खूश होईल, संपलं.”

“दुसरा?”

“दुसरा कशाला दाखवायचा?”

“शहाऐंशी वर्षांची आहे ती, बेटा,” लेमार समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला. “डोळे अर्धे गेलेत. पुस्तक तिजोरीत आहे, ती काही बघायला जाणार नाहीये. कुणाला काय फरक पडतो?”

“टाळ्या वाजवल्यास तू.”

“मला कळलं नाही गं.”

“तीन वाजवल्यास, डॅडी. मी मोजल्या.”

गाडी नॅनाच्या इमारतीसमोर थांबली. लेमारने इंजिन बंद केलं तरी कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती, आणि तळणीचा खमंग वास थेट रस्त्यापर्यंत आला होता. नॅना खिडकीत आली. हातात झारा होता. तिला गाडी दिसली की नुसती ऐकू आली, कोण जाणे, पण तिने झारा हलवला आणि ओरडली, “आलात का? चला वर, निवतंय सगळं!”

आईने घाईघाईने डोळे पुसले आणि आरशात पाहून चेहरा नीट केला. लेमारने हात बाहेर काढून सासूला हात केला.

ब्रिएल फोनकडे बघत होती. तिने पहिलं चित्र स्वतःच्या फोनवर घेतलं. मग अंगठा एकदा वर उचलला, थांबली, आणि दुसरंही घेतलं. फोन आईच्या हातात परत दिला. दार उघडलं, बाहेर उतरली, आणि दाराला धरून आत वाकली.

“ऐका दोघंही,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “मी दोन्ही फोटो दाखवणार आहे. पहिला तिच्या हातात देणार, बघू देणार पोटभर, मग दुसरा. सही कुणाची ते सांगणार. बूट कुणाचे तेही सांगणार. तुम्हाला वर यायचं नसेल तर इथेच बसा. मासे मी खाली आणून देते.”